दादासाहेब मावळंकर आणि उत्तराचे दायित्व

लोकप्रतिनिधीने लेखी विचारलेला प्रश्न आणि मंत्र्याने त्याला दिलेले उत्तर ह्या दोहोंचा मिळून एक गद्यप्रकार होतो, ही गोष्ट आपल्याकडील वाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारशी लक्षात घेतलेली नाही. त्याची कारणे उघड आहेत. हा प्रकार भारतात इंग्रजी भाषेतून आला. त्याचा कर्ता कोण हे निश्चित सांगता येत नाही, कारण उत्तर मंत्र्याच्या मुखातून आले तरी त्याचा मसुदा कचेरीत तयार झालेला असतो. आणि ज्याला रस म्हणावे असे त्यात सकृद्दर्शनी काही आढळत नाही. तथापि ह्या प्रकाराचे रचनानियम पाहिले तर साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला कुतूहल वाटल्यावाचून राहणार नाही. प्रश्नात युक्तिवाद नसावा, अनुमान नसावे, उपरोध नसावा, दूषणे किंवा गुणदोषवाचक विशेषणे नसावीत. उत्तरदात्याचे मत विचारू नये. काल्पनिक प्रसंग उभा करू नये. एका उत्तरात मावणार नाही एवढा धोरणाचा विस्तृत विषय काढू नये. आपल्या आलंकारिकांनी वाणीची जी भूषणे मानली त्यांतील बहुतेक येथे वर्ज्य आहेत. उरते ते एक उघडे वाक्य, आणि त्या वाक्याला राज्यकर्त्याने उत्तर द्यावयाचे असते.

ह्या प्रकाराला स्वतंत्र भारताच्या संसदेत जे रूप आले ते मुख्यतः गणेश वासुदेव मावळंकर ह्यांच्या कारकिर्दीत. पहिल्या लोकसभेचे सभापती म्हणून त्यांचे नाव सर्वांना परिचित आहे. एका शिस्तप्रिय आणि निःस्पृह देशभक्ताचे चरित्र म्हणून त्यांच्या आयुष्याकडे पाहिले जाते, आणि ते पाहणे चुकीचे नाही. परंतु त्या आयुष्यात एक धागा असा आहे की जो स्वतंत्रपणे उकलून पाहण्याजोगा आहे. दिलेल्या उत्तराने उत्तर देणारा कितपत बांधला जातो, हा प्रश्न त्यांना वकिलीत, सत्याग्रहात आणि शेवटी सभापतीच्या आसनावर, निरनिराळ्या रूपांत भेटत राहिला. प्रस्तुत लेखात तोच धागा धरावयाचा आहे.

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर भागातल्या मावळंगे गावचे. गणेश वासुदेवांचा जन्म मात्र २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. प्रारंभीचे शिक्षण राजापूर आणि मुंबई इलाख्यातील इतर गावी झाल्यावर १९०२ मध्ये ते अहमदाबादेस आले आणि अखेरपर्यंत त्याच नगरीचे झाले. गुजरात कॉलेजातून १९०८ मध्ये त्यांनी शास्त्र विषयाची पदवी घेतली, तेथेच काही काळ दक्षिणा फेलो म्हणून काम केले, १९१२ मध्ये मुंबईस कायद्याची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन १९१३ पासून अहमदाबादेस वकिली सुरू केली. घरची भाषा मराठी, बाजाराची आणि सभांची गुजराती, न्यायालयाची इंग्रजी, अशी त्रिभाषिक घडण पश्चिम भारतात अपवादात्मक नव्हती. सातारला जन्मलेले काकासाहेब कालेलकर गुजराती गद्याचे एक शिल्पकार झाले, हे उदाहरण सर्वश्रुतच आहे. मावळंकरांची लेखणी त्या तोलाची नव्हती. परंतु त्यांनीही जे पुस्तकरूपाने लिहिले ते गुजरातीत आणि इंग्रजीत लिहिले. त्यामुळे मराठीने त्यांना राजकारणी म्हणून स्मरणात ठेवले, लेखक म्हणून नाही.

त्यांच्या वकिलीकडे चरित्रकार घाईने पाहतात. माझ्या मते ती अधिक लक्ष देण्याजोगी आहे. १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेत वादीच्या अर्जाला प्रतिवादीने द्यावयाच्या कैफियतीविषयी काही नियम आहेत. प्रतिवादीने प्रत्येक विधान स्वतंत्रपणे नाकारले पाहिजे. मोघम नकार चालत नाही. विधानाच्या गाभ्याला बगल देऊन केवळ त्याच्या कडेकडेने केलेला नकार ग्राह्य धरला जात नाही. आणि जे स्पष्टपणे नाकारले नाही ते कबूल केले असे मानले जाते. तरुण मावळंकरांनी वकिली सुरू केली तेव्हा ही संहिता नवीच होती. टाळाटाळीचे उत्तर हे उत्तरच नव्हे, ही कल्पना त्यांच्या मनात प्रथम येथून रुजली असावी असे अनुमान करण्यास जागा आहे. वकिलीतील आठवणींवर त्यांनी पुढे इंग्रजीत पुस्तकही लिहिले.

१९१५ मध्ये गांधीजी अहमदाबादेस स्थायिक झाले आणि मावळंकरांचा त्यांच्याशी परिचय झाला. १९१६ मध्ये ते गुजरात सभेचे चिटणीस झाले. अर्ज, निवेदने, तारा पाठवणे हे अशा सभांचे तोवरचे काम. १९१७ च्या अतिवृष्टीने खेडा जिल्ह्यातील पिके बुडाली तेव्हा ह्या सौम्य संस्थेला पहिल्यांदा कठीण प्रसंगाला तोंड द्यावे लागले. वाद होता तो आणेवारीचा. पीक चार आण्यांहून कमी आले तर त्या वर्षाचा सारा तहकूब व्हावा, असा सरकारचाच नियम होता. रयतेचे म्हणणे पीक चार आण्यांच्या आत आले; सरकारी अंमलदारांचा अंदाज त्याहून वरचा. विठ्ठलभाई पटेल आणि गोकुळदास पारेख ह्या मुंबई कायदेकौन्सिलच्या सदस्यांनी हा विषय अधिकाऱ्यांपुढे नेला. गुजरात सभेने पत्रव्यवहार केला, आकडे दिले, निःपक्ष चौकशी मागितली. ती मिळाली नाही, आणि मार्च १९१८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. ह्या लढ्याचा नैतिक इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की त्याच्या मुळाशी वस्तुस्थितीविषयीचा एक साधा प्रश्न होता आणि त्याला उत्तर देणारा अधिकारी स्वतःच्याच आकड्यांचा न्यायाधीश होता. सभेचे चिटणीस म्हणून तो पत्रव्यवहार मावळंकरांच्या हातून होत होता.

पुढील वीस वर्षांचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. १९१९ मध्ये ते अहमदाबाद नगरपालिकेत निवडून आले आणि तिसाव्या-पस्तिसाव्या साली दोनदा तिचे अध्यक्ष झाले. असहकाराच्या काळात गुजरात प्रांतिक काँग्रेसचे चिटणीसपद सांभाळले. शिक्षणसंस्था उभ्या केल्या, आणि अनेकदा तुरुंगात गेले. तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगार कैद्यांच्या हकिकती त्यांनी 'मानवतानां झरणां' ह्या गुजराती पुस्तकात सांगितल्या. खुनाच्या वा दरोड्याच्या आरोपाखाली शिक्षा भोगणाऱ्या माणसाला त्याच्या कृत्याविषयी बोलते करावयाचे तर विचारणाऱ्याच्या स्वरात दूषण असून चालत नाही. ते पुस्तक वाचताना विचारणारा माणूस कसा होता हे कळते. गांधीजींच्या सहवासाविषयीचे त्यांचे 'संस्मरणो' अधिक प्रसिद्ध आहे. मला पहिलेच अधिक मोलाचे वाटते.

१९३५ च्या कायद्यानुसार झालेल्या निवडणुकीनंतर १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेचे सभापती म्हणून मावळंकरांची निवड झाली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते. समोरच्या बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि जमनादास मेहता ह्यांच्यासारखे अभ्यासू व कठोर विरोधक होते. १७५ सदस्यांच्या त्या सभागृहात मराठी, गुजराती व कानडी मुलखांतले प्रतिनिधी बसत आणि कायद्याने कामकाजाची भाषा इंग्रजी ठरवली होती. ज्याला ती पुरेशी येत नसेल त्याच्यासाठी अन्य भाषेची सवलत होती. प्रांताच्या कारभाराची बहुतेक खाती प्रथमच लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांच्या हाती आली होती. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि हा प्रयोग दोन-अडीच वर्षांतच थांबला. पण मावळंकरांचे शिक्षण तेथे झाले.

जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी काँग्रेसने त्यांना उभे केले. सर कावसजी जहांगीर हे प्रतिस्पर्धी होते. सरकारनियुक्त सदस्यांची मते विरोधात असूनही मावळंकर ६६ विरुद्ध ६३ मतांनी निवडून आले. ज्या आसनावर १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल पहिले निर्वाचित अध्यक्ष म्हणून बसले होते तेथे आता अहमदाबादचा एक वकील बसला.

ह्या आसनासमोर प्रश्न विचारण्याची जी प्रथा होती तिचा इतिहास येथे सांगणे आवश्यक आहे. त्याशिवाय पुढचे समजणार नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या सदस्यांना प्रश्न विचारण्याची मुभा प्रथम मिळाली. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंगाच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. दौऱ्यावरच्या सरकारी अधिकाऱ्यांना शिधासामग्री पुरवताना गावच्या दुकानदारांना जो त्रास होतो त्याविषयी तो होता. साम्राज्याच्या सर्वोच्च सभेतला पहिला प्रश्न साहेबांच्या छावणीतील पिठामिठाविषयी असावा, ह्यात मला काहीच क्षुल्लक वाटत नाही. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला पुरवणी प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला; १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतर सदस्यांनाही मिळाला. ज्या प्रश्नाला तोंडी उत्तर हवे त्यावर तारा छापावयाचा, ही पद्धतही त्या नव्या कायदेमंडळात आली. आपले तारांकित व अतारांकित हे शब्द त्याच ताऱ्यावरून पडले. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येत नाही. तारांकित प्रश्नही वेळेअभावी पुकारला गेला नाही तर त्याला लेखी उत्तरावरच समाधान मानावे लागते.

परंतु ह्या सर्व सुधारणांत एक मूलभूत उणीव होती. उत्तर देणारा सरकारी सदस्य उत्तर चुकीचे ठरले म्हणून पदावरून जात नसे. गोपाळ कृष्ण गोखल्यांसारख्या सदस्याने कितीही नेमका प्रश्न केला तरी उत्तर ही कृपा होती, ऋण नव्हते. ते समाधानकारक नसले तर तहकुबीची सूचना आणून निषेध नोंदवावयाचा, ह्यापलीकडे मार्ग नसे.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर चित्र पालटले. घटना समितीने कायदेमंडळ म्हणून कसे काम करावे हे ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद मावळंकरांकडे होते. कायदेमंडळ म्हणून बसताना समितीला स्वतंत्र सभापती असावा असे तिने सुचवले, आणि १७ नोव्हेंबर १९४७ रोजी त्या पदावर त्यांचीच निवड झाली. तेथून हंगामी संसद आणि १५ मे १९५२ पासून लोकसभा असा हा प्रवास अखंड झाला. १९५२ च्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव शांताराम मोरे उभे होते. मते पडली ३९४ आणि ५५. भारतीय लोकसभेच्या पहिल्या सभापतिपदासाठी झुंजलेले दोन्ही उमेदवार मराठी मातृभाषेचे होते, आणि त्यांतला एक अहमदाबादचा होता.

मंत्री आता सभागृहाला जबाबदार झाले, तेव्हा उत्तराचे दायित्व आपोआप वाढले असे वाटण्याचा संभव आहे. घडले जवळजवळ उलट. ४८९ निर्वाचित जागांपैकी ३६४ काँग्रेसच्या. मंत्र्याला उत्तरासाठी पायउतार करण्याची शक्ती सिद्धान्तात आली. व्यवहारात तिचा उपयोग करू शकणारे सदस्य मंत्र्याच्याच पक्षाचे होते. मावळंकरांची खरी कामगिरी ह्या पेचाच्या संदर्भात पाहावी लागते. जबाबदार राज्यपद्धतीत तहकुबीची सूचना हे नित्याचे हत्यार असू शकत नाही, ते अपवादासाठी राखले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती, आणि तिच्यापायी त्यांनी अशा सूचना मोठ्या संख्येने नाकारल्या. परंतु जे एका हाताने काढून घेतले त्याच्या बदल्यात दुसऱ्या हाताने काही द्यावे लागते, हेही त्यांनी ओळखले. सचिव महेश्वरनाथ कौल ह्यांच्या साह्याने प्रश्नांविषयीचे नियम बांधले गेले. तातडीच्या विषयासाठी अल्प सूचनेचा प्रश्न नीट रुळला. अर्ध्या तासाची चर्चा हा नवा उपाय आला: उत्तरातील वस्तुस्थितीचा अधिक खुलासा हवा असेल तर दिवसाच्या शेवटी तेवढ्या विषयावर मंत्र्याला पुन्हा उभे करता यावे. तोंडी उत्तराप्रमाणे लेखी उत्तरावरूनही ही चर्चा मागता येते. पुरवणी प्रश्नाच्या टप्प्याबाहेर असलेले लेखी उत्तर अशा रीतीने प्रथमच उलट तपासणीच्या कक्षेत आले.

ह्या नव्या व्यवस्थेचा दुसरा पैलू १९५१ मध्येच समोर आला. उत्तर देणाऱ्याने प्रामाणिक असावे, तर विचारणाऱ्याचे काय? हंगामी संसदेतील मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल ह्यांनी मुंबईच्या सराफ व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून आर्थिक लाभ घेऊन तिच्या वतीने संसदेत काम केल्याचा आरोप झाला. त्या कामात प्रश्न विचारणेही आले. पंतप्रधान नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा प्रस्ताव मांडला. टी. टी. कृष्णमाचारी समितीचे अध्यक्ष होते. आरोप सिद्ध झाला, हकालपट्टीचा ठराव आला, आणि तो संमत होण्याआधीच मुद्गलांनी राजीनामा दिला. सभागृहाने त्या पळवाटेचाही निषेध नोंदवला. विकत घेतलेला प्रश्न हा प्रश्न नव्हे, हे तत्त्व मावळंकरांच्या अध्यक्षतेखाली असे प्रस्थापित झाले. २००५ च्या डिसेंबरात प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून दोन्ही सभागृहांचे मिळून अकरा सदस्य काढून टाकण्यात आले तेव्हा मुद्गल प्रकरणाचाच दाखला पुन्हा काढावा लागला.

कृष्णमाचारींविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. मावळंकरांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये, हरिदास मुंदडा ह्यांच्या कंपन्यांचे भाग आयुर्विमा महामंडळाने का घेतले, ह्याविषयी लोकसभेत प्रश्न आले. उत्तरांनी समाधान झाले नाही. फिरोज गांधींनी विषय लावून धरला. न्यायमूर्ती छागला ह्यांच्यापुढे उघड चौकशी झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांना पद सोडावे लागले. ते अर्थमंत्री म्हणजे मुद्गल समितीचे अध्यक्ष कृष्णमाचारीच. सत्ताधारी पक्षातल्याच सदस्याने, प्रचंड बहुमत असताना, मंत्र्याला उत्तरासाठी जबाबदार धरले. मावळंकरांनी घालून दिलेल्या चौकटीचे हे फळ आहे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ती चौकट नसती तर फिरोज गांधींना उभे राहण्यास जागा शोधावी लागली असती.

ज्या संस्थेसाठी मावळंकरांचे नाव मी प्रथम घेईन ती १ डिसेंबर १९५३ रोजी अस्तित्वात आलेली सरकारी आश्वासनांविषयीची समिती होय. तिची पार्श्वभूमी प्रश्नोत्तरांतच आहे. मंत्र्याला माहिती नसते, किंवा द्यावयाची नसते. तेव्हा तो सांगतो की माहिती गोळा केली जात आहे आणि ती पटलावर ठेवली जाईल. अथवा विषय विचाराधीन आहे. अथवा चौकशी करण्यात येईल. अथवा सूचनेकडे लक्ष दिले जाईल. ह्या वाक्यांचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. प्रयोग बहुधा कर्मणी, त्यामुळे कर्ता अदृश्य. काळ भविष्य, त्यामुळे आज तपासण्यास काही नाही. प्रश्नकर्ता खाली बसतो, पुढचा प्रश्न पुकारला जातो, अधिवेशन संपते. वचन दिले गेले हे खरे, पण ते कोणी मोजत नाही. मोजावयाचे तर त्या सदस्यानेच स्वतःची वही ठेवून महिनोन्‌महिने पाठपुरावा करावयाचा, आणि सरकारी बाजूची नोंद सरकारच ठेवणार. ज्याची आणेवारी त्याचाच अंदाज, ही खेडा जिल्ह्यातली स्थिती संसदेच्या दालनात पुन्हा आली होती.

समितीने हा भार एकट्या सदस्यावरून सभागृहावर घेतला. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने वेचून काढावयाची, त्यांची पूर्तता झाली की नाही हे पाहावयाचे, झाली तर वेळेत झाली का तेही पाहावयाचे, आणि सभागृहाला अहवाल द्यावयाचा. पूर्ततेची मुदत साधारण तीन महिन्यांची ठरली. ती वाढवून हवी तर मागावी लागते. आणि कोणते शब्द उच्चारले असता ते आश्वासन समजावे, ह्याची एक सूची तयार झाली. शब्दसूची करून राज्यसत्तेला तिच्याच क्रियापदांनी बांधावयाचे, हा प्रयोग मला विलक्षण वाटतो. वचन देणे म्हणजे काही वर्णन करणे नव्हे, ते बोलणे हीच कृती आहे, हा सिद्धान्त जे. एल. ऑस्टिन ह्यांनी हार्वर्ड येथील व्याख्यानांत मांडला तो १९५५ मध्ये, आणि त्याचे पुस्तक निघाले १९६२ मध्ये. तौलनिक साहित्याच्या वर्गांत आपण ऑस्टिन शिकवतो. दिल्लीत त्याआधी निघालेली ही सूची शिकवत नाही.

तिच्या मर्यादा लपवण्याचे कारण नाही. समिती आश्वासन पाळले का एवढे पाहते. मूळ धोरण बरे की वाईट हे तिच्या कक्षेबाहेर आहे. शिवाय बंधनकारक शब्दांची सूची झाली की ते शब्द टाळण्याची कलाही जन्माला येते, आणि कचेऱ्यांतले मसुदाकार ह्या कलेत मागे नसतात. राज्यसभेला अशी समिती नेमण्यास १९७२ साल उजाडले, ह्यावरून ह्या कल्पनेचा स्वीकार किती सावकाश झाला हे दिसते.

भाषेविषयी एक मुद्दा राहतो. संविधानाच्या १२० व्या अनुच्छेदाने संसदेचे कामकाज हिंदी वा इंग्रजीत ठरवले. ह्या दोहोंत आपले म्हणणे नीट मांडता येत नाही अशा सदस्याला मातृभाषेत बोलू देण्याचा अधिकार सभापतीला दिला. म्हणजे तमिळ वा मराठी रयतेचे गाऱ्हाणे प्रश्नाच्या रूपात येताना आधी भाषांतरित होई आणि उत्तर पुन्हा वृत्तपत्री भाषांतरातून तिच्यापर्यंत पोहोचे. ह्या दुहेरी प्रवासात विचाराधीन, पटल, पुरवणी, तारांकित असे शब्द देशी भाषांत स्थिरावले. ह्या शब्दभांडाराचा प्रत्येक भाषेतला इतिहास कोणी तरी लिहिला पाहिजे. स्वतः मावळंकरांनी १४ मे १९५४ रोजी सभागृहाला लोकसभा हे नाव जाहीर केले, तेव्हा इंग्रजी नावाच्या जागी आलेला तो शब्द सर्व भाषांत भाषांतराविना चालला.

मावळंकरांवर टीका झाली, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. इंग्लंडातील सभापतीप्रमाणे पक्षाशी संबंध तोडण्याची स्थिती भारतात अद्याप आलेली नाही, असे मानून ते काँग्रेसचे सदस्य राहिले. सभागृहाच्या एक दशांश सदस्यसंख्येशिवाय कोणत्याही गटाला पक्ष म्हणून मान्यता द्यावयाची नाही, हा दंडक त्यांनी घातला. विखुरलेल्या विरोधकांना तो जाचक झाला, आणि एका पक्षाच्या प्रचंड बहुमताच्या काळात तो घातला गेला हे त्याचे वैगुण्यच मानावे लागते. १८ डिसेंबर १९५४ रोजी विघ्नेश्वर मिसिर ह्यांनी सभापतींना दूर करण्याचा ठराव मांडला. सभापतींचा निःपक्षपातीपणा उरलेला नाही, ते तहकुबीच्या सूचना सतत नाकारतात, असा आक्षेप होता. आसनावर उपसभापती अनंतशयनम् अय्यंगार होते. मोरे, गोपालन, कृपलानी ह्यांनी विरोधी बाजू मांडली, नेहरूंनी सभापतींची पाठराखण केली, ठराव फेटाळला गेला. एवढ्या बहुमतात तो फेटाळला जाणारच होता. म्हणून त्या निकालावरून मावळंकरांची निर्दोषता सिद्ध होत नाही. मात्र ज्या सरकारने त्यांची बाजू घेतली त्याच्याशी त्यांचा व्यवहार मिंधेपणाचा नव्हता. अधिवेशन टाळून वटहुकूम काढण्याच्या प्रवृत्तीविरुद्ध त्यांनी १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये पंतप्रधानांना लेखी कळवले होते. वटहुकमाला आधी प्रश्न विचारता येत नाही, हे त्या तक्रारीचे मर्म होते असे मला वाटते.

१९५६ च्या जानेवारीत प्रवासात असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेस त्यांचे निधन झाले. नेहरूंनी त्यांना लोकसभेचे जनक म्हटले, आणि ते बिरुद टिकले. रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई निवडून आल्या.

त्यांचे चिरंजीव पुरुषोत्तम हे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. इंदुलाल याज्ञिक ह्यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या अहमदाबादच्या जागेवर १९७२ मध्ये ते अपक्ष म्हणून लोकसभेत आले. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली. २१ जुलैला संसदेचे अधिवेशन सुरू झाले तेव्हा प्रश्नांचे नियमच स्थगित करण्यात आले; तोंडी उत्तर नाही, लेखीही नाही, केवळ सरकारी कामकाज. वृत्तपत्रांवर नियंत्रण असल्याने सभागृहात काय बोलले गेले तेही बाहेर सहज पोहोचत नव्हते. ज्यांना तुरुंगात टाकलेले नव्हते अशा थोड्या विरोधी सदस्यांत पुरुषोत्तम मावळंकर होते, आणि ते उभे राहून बोलत राहिले. त्या भाषणांचा संग्रह १९७९ मध्ये इंग्रजीत निघाला. सभापतींना उद्देशून दिलेल्या नकाराचे दोनच शब्द त्याचे शीर्षक आहेत: 'नो, सर'.